चार्जर निर्दोष आहे, ताई

पत्र

सप्रेम नमस्कार. आमच्या घरात माणसं पाच आणि ऊर्जा वाचवण्याचे पंथही पाच. यजमान निवृत्त झाल्यापासून रिकामे चार्जर सॉकेटमधून उपटत फिरतात. सासूबाई रात्री फ्रिजचं बटण बंद करतात, ‘रात्री कोण खातंय?’ म्हणून. मुलगा एसी 18 वर ठेवतो, म्हणजे खोली लवकर गार होते म्हणे. मुलीला गॅस सोडून इंडक्शन आणि पेट्रोल सोडून विजेची स्कूटर हवी आहे. तिच्या कापडी पिशव्यांनी माझा एक अख्खा कप्पा अडवलाय. त्यावर यजमान म्हणतात, ‘वीज कोळशाचीच ना? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत नाहीत का?’ गिझर पहाटे साडेपाचला लागतो तो नऊला बंद होतो, त्यावर मात्र कोणी बोलत नाही. हिवाळ्यात बिल अडीचशे युनिटांच्या आसपास असतं, उन्हाळ्यात तीनशेच्या वर जातं. नेमकं कोण बरोबर ते एकदा लिहा. कात्रण फ्रिजवर चिकटवीन.
— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: गिझरवर कोणी बोलत नाही. तिकडे येतेच, पण आधी यजमानांची शंका फेडू.

रिकामा चार्जर वीज खातो, हे खरं. किती खातो, ते बघा. हल्लीचा बऱ्यापैकी चार्जर मोबाइल लावलेला नसताना 0.1 वॅटच्या आसपास घेतो. वर्षाचे तास 8760, आणि हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. म्हणजे तो अहोरात्र, बारा महिने सॉकेटमध्ये राहिला तरी वर्षाचं एक युनिटही भरत नाही. यजमानांचा यावर विश्वास बसणार नाही, आणि बसू नयेही. त्यांना मीटरपाशी पाठवा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि पाटीवर 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच उपकरण चालू ठेवायचं आणि मिनिटभर लुकलुक मोजायची. त्या संख्येला 60 ने गुणून पाटीवरच्या आकड्याने भागलं की किलोवॅट मिळाले. 3200 च्या मीटरवर दोन किलोवॅटचा गिझर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा लुकलुकवतो, मोजताना धांदल उडते. एकट्या चार्जरला एका लुकलुकीसाठी तीन तास लागतील. खरं तर इतका बारीक प्रवाह घरगुती मीटर बहुधा नोंदवणारच नाही.

उपटायचंच असेल तर टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स आहे. रिमोटने बंद केल्यावर पुष्कळ बॉक्स झोपतच नाहीत, नुसता दिव्याचा रंग बदलतात. दहा वॅट धरले तर वर्षाला 87 युनिटं होतात. म्हणजे शंभर चार्जर. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की काम झालं. सकाळी चालू व्हायला तो मिनिटभर घेतो, तेवढा धीर बातम्यांना धरता येतो.

आता गिझर.

पाण्याबद्दलची एक गोष्ट शाळेत आकडा म्हणून शिकवतात आणि आपण तो आकडा म्हणूनच विसरतो. कुठलंही पाणी एका अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी 427 मीटर उंच उचलता येतं. काम आणि उष्णता यांचा हा भाव जेम्स जूल या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भांड्यातलं पाणी वल्ह्यांनी घुसळून, त्याचं तापमान मोजून ठरवला. तुमच्याकडच्या भूगोलात सांगायचं तर कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1646 मीटर. बादलीभर पाणी समुद्रावरून कळसूबाईच्या शिखरावर नेणं आणि तेच पाणी चार अंशांनी तापवणं, ऊर्जेच्या हिशेबात सारखंच. हिवाळ्यात तुम्ही ते 20 अंशांवरून 40 वर नेता. म्हणजे दर बादलीमागे कळसूबाईच्या पाच चढाया.

म्हणूनच सोसायटीचा पंप तीच बादली चौथ्या मजल्यावर चढवतो त्याची वीज तापवण्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही नसते, पण पंपाचा आवाज येतो म्हणून सभासद पंपावरून भांडतात. गिझर मुकाट्याने बसलेला असतो. वीस लिटरच्या त्या बादलीला अर्ध्या युनिटाला जरा कमी वीज लागते. एका माणसाच्या दोन दिवसांच्या अंघोळीत एका चार्जरचं वर्ष निघून जातं.

तुमच्या घरातल्या जवळजवळ सगळ्या वादांची किल्ली इथेच आहे. हलवणं, फिरवणं, उजेड पाडणं, माहिती पाठवणं ही कामं ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त आहेत. ऊन करणं आणि गार करणं महाग आहे. आपण नेमकी उलटी काळजी करतो, कारण दिवा दिसतो, पंखा फिरताना दिसतो. उष्णता दिसत नाही.

गिझर साडेतीन तास चालू राहतो म्हणून तुम्हाला अपराधी वाटत असेल तर त्यातला मोठा भाग सोडून द्या. पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. पाठोपाठ पाच अंघोळी होत असतील तर गिझर मध्येच बंद-चालू करून फारसं काही हाती लागत नाही. नऊनंतर तो कोणाच्या ध्यानात न राहता दिवसभर चालू राहिला तर मात्र साठवलेली उष्णता निसटत राहते आणि तो पुन्हा पुन्हा तापत राहतो. थर्मोस्टॅट 60 वरून 50 वर आणा असंही सांगतात. आणा, पण समजून आणा: त्याने अंघोळीची वीज वाचत नाही, कारण तुम्ही विसण घालून शेवटी 40 अंशांचंच पाणी अंगावर घेता. वाचतो तो फक्त निसटण्याचा भाग. खरा फरक पडतो गरम पाणी किती वापरता त्याने. पाच मिनिटांच्या शॉवरमध्ये सहज दोन बादल्या जातात. गच्चीवर सोसायटी परवानगी देत असेल तर सौर बंबाइतकी हमखास फायद्याची दुसरी गोष्ट मला माहीत नाही. नाशिकला हिवाळ्यात ऊन लख्ख असतं आणि गरम पाण्याची गरजही तेव्हाच असते.

सासूबाईंना सांगताना जरा सांभाळून. त्यांचं म्हणणं वरवर बिनतोड आहे: बटण बंद म्हणजे वीज बंद. पण फ्रिजचं काम जेवणं वाढण्याचं नसून आत झिरपणारी उष्णता बाहेर टाकत राहण्याचं आहे, आणि ती रात्रीही झिरपतेच. रात्रभर बंद राहिलेला फ्रिज आतून थोडा कोमट होतो आणि सकाळी कॉम्प्रेसर ती थकबाकी सलग चालून भरतो. वाचलीच तर फार थोडी वीज वाचते, आणि उन्हाळ्यात एक लिटर दूध नासलं तरी तो हिशेब बुडाला. दूध फक्त पैशाने महाग नाही. गाईच्या रवंथातून मिथेन बाहेर पडतो, त्यामुळे फेकलेलं दूध हवेवरचाही खर्च आहे. सासूबाईंच्या काटकसरीला दुसरं काम द्या. फ्रिजच्या दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावायला सांगा. नोट सरकन निघून आली तर रबर ढिलं आहे. आणि फ्रिज भिंतीला टेकवून ठेवला असेल तर वीतभर पुढे ओढा, मागची जाळी गरम झालेली हवा टाकणार कुठे?

एसीच्या बाबतीत चिरंजीव चुकतात, पण त्यांच्यासारखी निम्मी जनता चुकते. रिमोटवरचा आकडा हा वेग नव्हे, मुक्कामाचं ठिकाण आहे. खोली 33 अंशांवर असताना तुम्ही 18 लावा की 25, एसी सुरुवातीला जवळपास सारख्याच जोराने गार करतो. फरक एवढाच की 25 ला तो थांबला किंवा मंदावला असता, 18 ला तो राबतच राहतो, आणि पहाटे मुलगा दुलई ओढून घेतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे दर अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 च्या जानेवारीपासून स्टार लेबलचे नवे एसी मुळातच 24 वर लावून येतात ते याचसाठी. 26 आणि वर पंखा, असं आठवडाभर करून पाहायला सांगा. पंखा खोली गार करत नाही, माणसाला करतो, अंगालगतची ऊन-दमट हवा हलवून घाम सुकवतो. म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा शुद्ध तोटा आहे. त्याची मोटर उलट खोलीत थोडी उष्णताच सोडते.

एसी वाचवण्याला तुमच्याकडे आणखी एक वजन आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: 100 पर्यंत, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जातो आणि 300 च्या वर तो आणखी चढतो. उन्हाळ्यात वाचवलेलं युनिट हे तुमच्या बिलातलं सगळ्यात महागडं युनिट असतं.

आणि खोली मुळात का तापते, हेही एकदा बघा. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा असेल तर ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तेच ऊन बाहेर अडवलं, चिकाने, तट्ट्याने, बाहेरच्या छज्जाने, तर ते आत येतच नाही. आपल्या जुन्या वाड्यांना हे कळत होतं. काचेच्या सरकत्या खिडक्यांनी ते विसरायला लावलं. तुमच्यावर मजला नसेल, गच्चीच असेल, तर मार्चमध्ये स्लॅबवर चुन्याचा हात मारून घ्या. रात्री दहाला वरच्या मजल्यावर जी धग लागते ती दुपारी स्लॅबने साठवलेली असते.

आता मुलगी विरुद्ध बाबा. इथे निकाल विभागून द्यावा लागतो, आणि गंमत अशी की ज्या कारणाने बाबा इंडक्शनचा खटला जिंकतात त्याच कारणाने ते स्कूटरचा हरतात.

इंडक्शन आधी. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये मोजली तर सुमारे 180 युनिटांइतकी उष्णता भरलेली असते. चांगल्या शेगडीवर त्यातला दोन तृतीयांश भाग भांड्यात जातो, बाकीचा स्वयंपाकघर तापवतो. इंडक्शन यापेक्षा बरंच काटेकोर, 85 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तोच स्वयंपाक करायला साधारण 140 युनिटं लागतील. इथवर मुलगी पुढे. पण ती 140 युनिटं येतात कुठून? औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचं, त्यातून वीज करायची. या प्रवासात कोळशातली साधारण दोन तृतीयांश उष्णता चिमणीतून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. उरलेल्या विजेची तुम्ही स्वयंपाकघरात पुन्हा उष्णता करता. उष्णतेपासून वीज आणि विजेपासून परत उष्णता, हा द्राविडी प्राणायाम झाला. देशाच्या विजेचं आजचं मिश्रण धरलं, त्यात धरणं, पवनचक्क्या, सौर सगळं आलं, तर एका युनिटामागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 140 युनिटांचा झाला जवळपास शंभर किलो. गॅसचा अख्खा सिलिंडर जाळला तर 43 किलोच्या आसपास. गॅस काढण्याचा, वाहून आणण्याचा भार वर टाकला तरी आजच्या घडीला कर्बाच्या हिशेबात गॅस पुढे आहे.

आता तोच कोळसा आणि तीच वीज घेऊन स्कूटरकडे चला. इथे काम उष्णतेचं नाही, हलवण्याचं आहे. पेट्रोलच्या इंजिनात जळालेल्या इंधनातला पाव भाग कसाबसा चाकापर्यंत पोहोचतो. बाकी सगळं इंजिन आणि सायलेन्सर तापवण्यात जातं, हात लावून बघा. म्हणजे तीही एक छोटी औष्णिक भट्टीच, फक्त एकलहऱ्यापेक्षा कमी कार्यक्षम आणि लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर धूर सोडणारी. विजेची मोटर मिळालेल्या विजेचा बहुतेक भाग चाकाला देते. शंभर किलोमीटरला पेट्रोल स्कूटर दोन लिटर पिते धरलं तर साडेचार किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड. विजेच्या स्कूटरला चार्जिंगची गळती धरून तीन-साडेतीन युनिटं लागतात, म्हणजे अडीच किलोंच्या आत. बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण आहे, पण रोज वापरली जाणारी स्कूटर ते काही वर्षांत फेडते. दारात शोभेला उभी राहिली तर फेडत नाही.

तेव्हा यजमानांना सांगा, वीज कोळशाची आहे हे अर्धंच वाक्य आहे. त्या विजेने काय करणार, यावर पुढचं अर्धं ठरतं.

इंडक्शनचा निकाल कायमचा मात्र नाही. गच्चीवर सौर पॅनल बसली, त्यासाठी पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि दुपारचा स्वयंपाक त्या विजेवर झाला, तर पारडं फिरलं. शिवाय गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो फुप्फुसांना वाईट, आणि बंद स्वयंपाकघरात तो तुम्हीच सगळ्यात जास्त घेता. म्हणून आज शेगडी ठेवली तरी खिडकी उघडी आणि चिमणी चालू. चहा किंवा दूध तापवण्यापुरतं एक छोटं इंडक्शन घेतलंत तर मी तरी नाही म्हणणार नाही.

तोवर गॅसवरच वाचवायला जागा आहे. उकळणारं पाणी मोठ्या आचेवर जास्त गरम होत नाही, नुसतं लवकर आटतं. नाशिकच्या उंचीवर ते 98 अंशांच्या आसपास थांबतं आणि तिथेच राहतं. कुकरमध्ये दाब वाढल्याने ते 120 च्या जवळ जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. डाळ शिजते त्या तापमानाने, शिट्टीने नाही. शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफ, आणि वाफ करणं हे पाण्याबाबतचं सगळ्यात खर्चिक काम. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून वेळ मोजा. तूरडाळीला अर्धा तास भिजण घातलंत तर तो वेळही घटतो. हे सासूबाईंना बहुधा ठाऊक असेलच.

राहिल्या पिशव्या, आणि इथे मुलीला थोडं बोलावं लागेल. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये पिशव्यांचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला. साध्या सुती पिशवीला केवळ हवामानाच्या निकषावर प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला 52 वेळा वापरावं लागतं. सगळे निकष लावले तर 7100 वेळा, आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला 20,000 वेळा. कापूस पिकवायला पाणी, खत, जमीन लागते आणि सूत-कापड होईपर्यंत वीज, त्याचा हा भार. हे आकडे नेटवर फिरतात ते ‘प्लास्टिकच बरं’ म्हणायला, आणि तिथे फसगत आहे. 7100 चा आकडा मुख्यतः ओझोनच्या एका निकषामुळे इतका फुगलेला आहे. शिवाय तो हिशेब डेन्मार्कचा, जिथे प्लास्टिकची पिशवी शेवटी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून जाते आणि मग भट्टीत जळून ऊब देते. आपल्याकडे ती नाल्यात जाते, गाईच्या पोटात जाते. नाला तुंबला, गाय मेली, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली तेव्हा डोळ्यांपुढे कर्ब नव्हता, तुंबलेली गटारं होती.

त्यामुळे कापडी पिशवी वापरणं बरोबर, पिशव्या जमवणं चूक. दोन पिशव्या रोज बाजारात गेल्या तर 52 चा आकडा कधी ओलांडला ते कळणारही नाही. कप्प्यातल्या पंधराव्या पिशवीने अजून पहिली भाजीही आणलेली नसेल. प्रदर्शनात, लग्नात, दुकानाच्या उद्घाटनात फुकट मिळणारी प्रत्येक नवी पिशवी तिने हसून परत करावी. उरलेल्या तुमच्या भाजीवाल्या मावशींना द्या, त्या गिऱ्हाइकांना देतील. आणि घरात जुनी साडी किंवा पँटचं कापड पडलं असेल तर त्याच्या शिवलेल्या पिशवीला हा सगळा हिशेब लागूच होत नाही, तो कापूस आधीच वापरून झालेला आहे.